किल्ला आणि किल्ली

वॉल्मरच्या किल्ल्यात एक खाट आहे. घडीची, अरुंद, छावणीत नेतात तसली. तिच्यावर घोड्याच्या केसांची गादी. खाट दिसली आणि मी आधी तिची रुंदी डोळ्यांनी मापली. चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची ही खोड असते. आपण कुठे झोपणार हे तो अंधारातसुद्धा आधी बघून ठेवतो. या खाटेवर कूस बदलायची सोय नव्हती. कूस बदलावीशी वाटली म्हणजे उठायची वेळ झाली, असं तिचा मालक म्हणत असे म्हणतात.

आम्ही मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिनं केंटच्या किनाऱ्यावर नेलं ते समुद्र दाखवायला. पण पाऊस लागला, म्हणून किल्ल्यात शिरलो. किल्ला कसला, आपल्या डोळ्यांना तो किल्ला वाटतच नाही. डोंगर नाही, कडा नाही, चढण नाही. सपाट किनाऱ्यावर बसलेला बुटका, गोलमटोल दगडी ठोकळा. मधे एक बुरूज, त्याला चिकटून चार अर्धगोल बुरूज, पाकळ्यांसारखे. आठव्या हेन्रीनं १५३९-४० साली फ्रान्सच्या भीतीनं घाईघाईत बांधून घेतलेला. तोफांच्या जमान्यात उंच भिंत म्हणजे उंच निशाणा, म्हणून सगळं मुद्दाम बसकं ठेवलंय. राजगड चढून गेलेल्या माणसाला हे पटायला थोडा वेळ लागतो.

खाटेपलीकडे एक खुर्ची आहे. १४ सप्टेंबर १८५२ ला दुपारी त्या खुर्चीत त्र्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा वारला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा, दोनदा पंतप्रधान झालेला. जगाला तो असा माहीत आहे. मी मात्र त्याला नगरचा म्हणून ओळखत होतो.

मागे रांग खोळंबली होती. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘बाबा, लोक थांबलेत.’’ मी बाजूला झालो, पण खोलीतून हललो नाही.

नगरची ओळख अशी. फौजेतल्या पहिल्या वर्षांत एका कोर्ससाठी मी तिथे होतो. रणगाड्यांचं शिक्षण देणारी मोठी संस्था तिथे आहे, आणि किल्लाही फौजेच्याच ताब्यात. रविवारी करण्यासारखं काही नसलं की आम्ही किल्ल्यावर जायचो. हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकात दगडात बांधलेला गोल भुईकोट, भोवती रुंद खंदक. वेलस्लीनं, म्हणजे ड्यूक होण्याआधीच्या याच वेलिंग्टननं, ज्या चिंचेखाली दुपारचं जेवण घेतलं ते झाड अमकं, असं आम्हाला कुणीतरी दाखवलं होतं. खरं-खोटं चिंचेला माहीत. आम्ही तिशीच्या आतले होतो. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रश्न एकच होता, हा किल्ला चार दिवसांत कसा पडला?

कारण पडला होता तो चारच दिवसांत. ८ ऑगस्ट १८०३ ला मेजर जनरल आर्थर वेलस्लीनं शिड्या लावून पेठेची भिंत घेतली. मग किल्ल्यावर तोफा लावल्या आणि १२ तारखेला शिंद्यांच्या किल्लेदारानं बोलणी करून, माणसं आणि चीजवस्तू घेऊन किल्ला सोडला. वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पुढे २३ सप्टेंबरला असई. भोकरदनजवळचं एवढंसं गाव, दोन नद्यांच्या बेचक्यातलं. त्या दुपारी त्याची दीड हजारांच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि त्याच्या खालचा एक घोडा भाल्यानं घायाळ झाला. उतारवयात कुणीतरी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती? त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. असई म्हणाला आणि गप्प बसला, अशी आठवण सांगतात.

मग १५ डिसेंबरला गाविलगड. चिखलदऱ्याला गेलेल्यांनी तो पाहिला असेल. पाहिला म्हणजे पॉइंटवरून पाहिला असेल, आत फार कमी लोक जातात. उत्तरेकडून कर्नल स्टीव्हन्सनच्या तोफांनी भिंतीला भगदाड पाडलं, पण आत दुसरी भिंत होती आणि तिचं दार बंद होतं. शेवटी एका तुकडीनं दरीतून वर चढून शिडी लावली आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग दाराशी लढताना पडला. नगरचा किल्लेदार किल्ली देऊन गेला, गाविलगडचा दारातच राहिला. यातला कोण बरोबर, यावर आम्ही मेसमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडलो आहोत. आता वय झाल्यावर मला नगरच्या किल्लेदाराचा तेवढा राग येत नाही. त्याच्यामागे किती माणसं उभी होती, हे तेव्हा आमच्या हिशेबात नसायचं.

तर पाच महिन्यांत दख्खनचे दोन किल्ले घेणारा हा माणूस. त्याच्या आयुष्याची शेवटची सव्वीस वर्षं किल्ले सांभाळण्यात गेली. आपल्याकडच्या पुस्तकांत तो १८०३ नंतर दिसेनासा होतो आणि त्यांच्याकडच्या पुस्तकांत वॉटर्लूनंतर राजकारणी होतो. तो किल्लेदार झाला होता हे कुणी फारसं सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय असतं? खंदकाचा वास, पहारेकऱ्यांच्या नेमणुका, आगीची चौकशी.

मराठीत ‘किल्ला घेतला’ असंही म्हणतात आणि ‘चार्ज घेतला’ असंही. क्रियापद एकच, म्हणून माणूस फसतो. मी फसलो होतो.

सेकंड लेफ्टनंट असताना एका जुन्या छावणीत माझ्याकडे दगडी कोठारांचा चार्ज आला. छावणीचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, जागेची नव्हे. जाणाऱ्या अधिकाऱ्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती. त्यानं टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला. जुडगा म्हणजे सायकलच्या चाकाएवढी कडी आणि तिच्यात त्रेसष्ट किल्ल्या, प्रत्येकीला पितळी बिल्ला. यादी होती. मी यादीवरचा शेवटचा आकडा पाहिला, जुडग्याकडे पाहिलं, आणि सही केली. सुभेदारसाहेब शेजारी उभे होते. ते काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी माझ्या पेनाचं टोपण उचलून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं किल्ल्या लावत फिरलो. पाच किल्ल्या कुठल्याच कुलपाच्या नव्हत्या. तीन कुलपांना किल्ल्याच नव्हत्या. एक किल्ली तर अशी निघाली की तिचं दारच कधीतरी भिंत घालून बुजवलं होतं. सुभेदारसाहेबांनी बिल्ला अंगठ्यानं घासून नंबर वाचला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ही पण तुमच्या सहीत आली, साहेब.’’

ते मला कुलूप लावायला शिकवत. हसू नका, ते शिकावं लागतं. कुलूप लावलं की दोनदा ओढायचं. एकदा कुलपासाठी, एकदा सहीसाठी, असं ते म्हणत. मी पहिले काही आठवडे मनातल्या मनात हसलो.

मग पावसाळा आला. मी छपराची काळजी करत होतो. दर दोन दिवसांनी शिडी लावून कौलं बघत होतो, एक-दोन बदलूनही घेतली. आणि एका सकाळी कोठार उघडलं तर आत घोट्याएवढं पाणी. खालच्या थरातली कांबळी भिजून दगडासारखी जड झालेली. मी वर छताकडे बघायला लागलो, तर सुभेदारसाहेब बाहेर भिंतीच्या कडेला उकिडवे बसून हातानं गवत उपटत होते. ‘‘वर काय बघताय साहेब, मोरी बघा.’’ गवताखाली मोरीचं तोंड होतं. माती, पालापाचोळा आणि कुठल्याशा पाखराच्या घरट्यानं ते गच्च बंद झालेलं. यादीत मोरी नव्हतीच. तिला कुलूपही नसतं आणि बिल्लाही.

चौकशी झाली. नुकसानाचा काही भाग माझ्या पगारातून कापला गेला, आणि तो कापला जायलाच हवा होता.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आज्ञापत्रातलं दुर्गांचं प्रकरण नीट वाचलं आणि एकटाच हसलो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं. त्यातलं ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, भाषणात येतं, फलकावर येतं. पण त्याच प्रकरणात पंत केरकचऱ्यावर बोलतात. गडावर केर पडू देऊ नये, खालीही टाकू नये, जागच्या जागी जाळावा, राख परसात घालून भाजीपाला करावा. तटावर वाढणारी झाडं वरचेवर कापावीत, गवत जाळून गड साफ ठेवावा. पाणी आधी बघावं, एका झऱ्यावर विसंबू नये. हा माणूस नुसता मुत्सद्दी नव्हता. याच्या हाताखाली गड होते, आणि यानं मोऱ्या बघितल्या होत्या. राज्याचं सार आणि भाजीपाला एकाच प्रकरणात बसवायला तसाच अनुभव लागतो. फलकावर मात्र भाजीपाल्याचं वाक्य कधी येत नाही.

वेलिंग्टन १८२६ साली टॉवर ऑफ लंडनचा कॉन्स्टेबल झाला. कॉन्स्टेबल म्हटल्यावर आपल्याला हवालदाराच्या खालचा शिपाई आठवतो. इथे तो शब्द किल्लेदार या अर्थाचा, आणि पद अकराव्या शतकातल्या नॉर्मन राजांच्या काळापासून चालत आलेलं. या कॉन्स्टेबलचे जुने हक्क वाचण्यासारखे आहेत. थेम्समधून वर येणाऱ्या जहाजानं त्याच्यासाठी दारूचं पिंप उतरवून जायचं. लंडन ब्रिजवरून गुरं नदीत पडली तर ती त्याची. आरमाराचं जहाज अजूनही वर्षातून एकदा टॉवरला लागून समारंभानं पिंप पोचवतं. गुरांचं आता काय करतात कोण जाणे.

असलं पद म्हणजे शोभेचं. म्हाताऱ्या सेनापतीला द्यायचा मान. त्यानं तो घ्यावा, झेंडावंदनाला यावं, जेवून जावं. वेलिंग्टननं तो सही करून घेतल्यासारखा घेतला. पहिलं लक्ष गेलं ते पहारेकऱ्यांकडे. टॉवरच्या यिओमन वॉर्डरांच्या जागा तोपर्यंत विकल्या जात. पैसे भरायचे, लाल अंगरखा घालायचा, आणि पुढे आपली जागा दुसऱ्याला विकून मोकळं व्हायचं. त्यानं हे बंद केलं. यापुढे या जागा चांगली सेवा केलेल्या सार्जंटांनाच. आजही तिथे वॉर्डर व्हायचं तर फौजेत किमान बावीस वर्षं काढलेली लागतात आणि दीर्घ सेवेचं, चांगल्या वर्तणुकीचं पदक लागतं. ते बायकामुलांसह किल्ल्यातच राहतात. लोक त्यांच्या टोप्यांचे फोटो काढतात. मी त्यांच्यापैकी एकाच्या बुटांकडे बघत होतो. ती पॉलिश दोन दिवसांत येत नाही, तिला बावीस वर्षंच लागतात.

दुसरं, प्राणी. टॉवरमध्ये सहाशे वर्षं राजाचा प्राणिसंग्रह होता, सिंह, अस्वलं वगैरे. वेलिंग्टनला किल्ल्यात सिंह म्हणजे अडगळ वाटली असणार. प्राणी रीजंट्स पार्कला गेले आणि १८३५ साली पिंजरे कायमचे बंद झाले. मला तो निर्णय मनापासून पटतो. ज्यानं कधी यादीवर सही केली आहे त्यालाच कळेल की सिंह कुठल्या रकान्यात लिहायचा हा केवढा प्रश्न असतो.

आणि तिसरं, खंदक. इथे मी टॉवरच्या काठावर उभा राहून बराच वेळ खाली बघत होतो. आता तिथे हिरवंगार गवत आहे. २०१४ साली पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याच खंदकात चिनीमातीची ८,८८,२४६ लाल फुलं रोवली होती, ते फोटो अनेकांनी पाहिले असतील. पण १८४० च्या सुमाराला तिथे थेम्सचं साचलेलं पाणी होतं, त्यात शहराची घाण, आणि भरती-ओहोटीनं ती धुऊन जाण्याऐवजी खाली बसत चाललेली. किल्ल्यातले शिपाई आजारी पडत. खंदक शत्रूसाठी खणला होता, मारत होता स्वतःच्याच माणसांना. वेलिंग्टननं १८४३ साली पाणी काढून टाकायला लावलं. खंदक कोरडा केला. किल्लेदारानं खंदक कोरडा करायचा म्हणजे जुन्या लोकांना ते किल्ल्याचे दात काढल्यासारखं वाटलं असेल. पण ज्यानं श्रीरंगपट्टण, नगर, गाविलगड घेताना बघितले होते, त्याला ठाऊक होतं की शिड्या आणणारा माणूस खंदकाला अडत नाही.

मोरी बघा, साहेब. मी मनातल्या मनात म्हटलं.

टॉवरची एक गोष्ट मला किल्ल्यांमुळे फार आवडते. ३० ऑक्टोबर १८४१ च्या रात्री तिथल्या मोठ्या कोठाराला आग लागली. ज्वाळा राजमुकुट ठेवलेल्या जागेकडे सरकायला लागल्या. मुकुट गजांच्या आड, आणि कपाटाच्या किल्ल्या किल्ल्यात नाहीतच, त्या दरबारच्या बड्या अधिकाऱ्याच्या ताब्यात. शेवटी पोलिसांनी पहारी घालून गज वाकवले आणि मुकुट, राजदंड एकेक करून बाहेर काढले. सगळं वाचलं. कोठार मात्र जळून खाक झालं. त्याच जागी वेलिंग्टननं १८४५ साली नव्या बराकींची पायाभरणी केली. आज राजाचे दागिने बघायला लोक ज्या इमारतीपुढे तासन्‌तास उभे राहतात ती हीच. इमारत अतिशय कुरूप आहे. लष्करी बांधकामावर इतकी वर्षं काढल्यानंतर हे म्हणायचा अधिकार मला आहे असं वाटतं.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे कौतुकाचं भाषण होईल. वेलिंग्टनला टॉवर हा किल्लाच राहायला हवा होता. तिकीट काढून बघायला येणारी गर्दी त्याला नकोशी होती. मताधिकार मागणारे मजूर एक दिवस चालून येतील ही धास्ती त्याच्या मनातून गेली नाही, आणि बराकी, बंदोबस्त यामागे तीही होती. मताधिकाराच्या सुधारणेला त्यानं विरोध केला होता. लोकांनी लंडनच्या त्याच्या घराच्या काचा फोडल्या तेव्हा त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. किल्ला सांभाळणाऱ्या माणसाचा हा रोगच असतो. हळूहळू त्याला बाहेरचा प्रत्येक जण चालून आलेला दिसायला लागतो. मीसुद्धा कोठाराजवळून जाणाऱ्या पोरांवर खेकसायचो. ती फक्त पेरू पाडायला यायची.

श्रीरंगपट्टणला तो तसा नव्हता, किंवा निदान धास्ती वेगळी होती. ४ मे १७९९ ला टिपू पडला, त्या रात्री शहर लुटलं गेलं. दुसऱ्या दिवशी तिशीच्या वेलस्लीकडे किल्ल्याचा ताबा आला. त्यानं लुटारूंपैकी चौघांना फासावर चढवलं आणि लूट थांबवली. फाशी दिलेले त्याच्याच बाजूचे होते. किल्ला घेतल्यानंतरच्या सकाळी काय करायचं असतं हे तो तिथे शिकला असावा. घेणाऱ्यांना थोपवणं हेच सांभाळणाऱ्याचं पहिलं काम. मात्र ज्या सरकारसाठी त्यानं ते केलं ते सरकारच इथे घ्यायला आलं होतं. हे दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं एकही गाळता येत नाही.

टॉवरमधला रात्रीचा किल्ल्यांचा समारंभ आम्ही बघितला. तिकिटं फार आधी काढावी लागतात, ती मुलीनं काढली होती. काटा नऊ वाजून त्रेपन्न मिनिटांवर गेला की मुख्य वॉर्डर एका हातात कंदील, दुसऱ्या हातात किल्ल्या घेऊन निघतो. सोबत पहाऱ्याचे शिपाई. दारं बंद करत करत ते परत येतात आणि कमानीखाली संत्री दरडावतो, कोण आहे? किल्ल्या. कुणाच्या किल्ल्या? राजा चार्ल्सच्या किल्ल्या. जाऊ द्या, सगळं ठीक आहे. एवढंच. सातशे वर्षं रोज रात्री. २९ डिसेंबर १९४० ला जर्मन बॉम्ब अगदी जवळ पडले, वॉर्डर आणि शिपाई भुईसपाट झाले. उठले, अंगावरची धूळ झटकली, किल्ल्या उचलल्या आणि उरलेलं पूर्ण केलं. नंतर राजाला पत्र गेलं, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

बायकोनं विचारलं, ‘‘हिरकणीला यांनी आत घेतलं असतं का?’’ मी म्हटलं, नसतं घेतलं. पण तिनं बुरूज उतरल्यावर त्यांनीही तिथे दुसरा बुरूज बांधला असता आणि तिकीट लावलं असतं.

आता परत वॉल्मर. १८२९ साली वेलिंग्टन ‘सिंक पोर्ट्स’चा लॉर्ड वॉर्डन झाला तेव्हा तो पंतप्रधान होता. वॉल्मरचा किल्ला हे त्या पदाचं घर. पद आणखी गमतीचं. मध्ययुगात आग्नेय किनाऱ्यावरच्या पाच बंदरांनी राजाला वर्षाला पंधरा दिवस सत्तावन्न जहाजं द्यायची, बदल्यात त्यांना सवलती. त्या बंदरांचा हा रखवालदार. वेलिंग्टनच्या वेळी त्यातली काही बंदरं गाळानं भरून समुद्रापासून केव्हाच तुटली होती. म्हणजे जहाजं नाहीत, बंदरं नाहीत, फ्रेंच येणार नाहीत, आणि रखवालदार आहे.

आणि तोच किल्ला त्याला सगळ्यात आवडायचा. त्याला देशानं दिलेली मोठी जहागीर होती, लंडनला वाडा होता. पण दर वर्षी शरद ऋतूत तो इथे यायचा, या खोलीत, या खाटेवर. उभ्यानं लिहायच्या मेजावर पत्रांना उत्तरं लिहायचा. १८४२ साली राणी व्हिक्टोरिया नवऱ्यामुलांसह इथे राहायला आली, तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी घर मोकळं करून दिलं. पण ही खोली त्यानं कधी बदलली नाही. दुसरं कुणी याला विक्षिप्तपणा म्हणेल. मला त्यात नवल वाटलं नाही. निवृत्तीनंतर पहिली दोन वर्षं मलाही घरच्या पलंगावर झोप लागत नव्हती. जागा फार असायची.

१४ सप्टेंबरला सकाळी त्याला बरं वाटेना. डीलहून औषधवाल्याला बोलावलं. नोकरानं विचारलं, चहा देऊ का? तो हो म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही, असं सांगतात. देह दोन महिने याच किल्ल्यात होता. लंडनला नेण्याआधी आसपासचे लोक हजारोंनी येऊन ओळीनं दर्शन घेऊन गेले. मी ज्या रांगेला खोळंबून ठेवलं होतं, तिची सुरुवात बहुधा तेव्हाची.

पाऊस थांबल्यावर आम्ही बुरुजावर गेलो. समुद्राकडे तोंड करून तोफा आहेत. उत्तरेला डीलचा किल्ला दिसतो, त्याच वर्षी बांधलेला. त्याच्याही पलीकडे तिसरा होता, सँडाउनचा. तो समुद्रानं खाल्ला. लाटा वर्षानुवर्षं पायाशी खणत राहिल्या, आणि शेवटी उरलेलं पाडून टाकावं लागलं. तिन्ही किल्ले फ्रेंचांसाठी बांधले, आणि फ्रेंच तिन्हीपैकी एकालाही घ्यायला आले नाहीत.

गाविलगडला मी निवृत्तीनंतर एकदा गेलो. पावसाळा सरत आला होता. दरवाजातून आत गेलो तर तटाच्या सांध्यात वडाचं रोप, मनगटाएवढं जाड. त्याच्या मुळ्यांनी दोन चिरे चार बोटं बाजूला केले होते. मी मूळ धरून हलवून बघितलं. ते हललं नाही, चिरा हलला. मी हात काढून घेतला. बेनीसिंग इथेच कुठेतरी पडला असेल. त्याच्याकडे किल्ली असेल का, आणि असली तर ती कुणी उचलली, असा एक बिनकामाचा विचार आला.

वॉल्मरला बंद व्हायची वेळ झाली. एक बाई खोल्या रिकाम्या करत येत होत्या, आमच्या आधी खोलीतून दोन जण बाहेर पडले, मग आम्ही. बाईंच्या कमरेला जुडगा होता, माझ्या जुडग्याच्या मानानं नातवंडच म्हणायचं. त्यांनी आत एकदा नजर फिरवली, खाट, खुर्ची, मेज, खिडकी. दिवा घालवला. दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, मूठ धरून एकदा ओढलं.

‘‘बाबा, चला ना,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पार्किंगची वेळ संपतेय.’’

मी म्हटलं, ‘‘थांब जरा.’’

बाईंनी जुडगा कमरेला अडकवला, दोन पावलं पुढे गेल्या, मग मागे वळल्या आणि पुन्हा एकदा मूठ धरून ओढलं.

‘‘हं,’’ मी म्हटलं. ‘‘चला.’’